नवा ॲक्ट लागला की पहिला आठवडा कसा खेळायचा: व्हॅलोरंटच्या पॅचमधून डावपेच काढण्याची पद्धत

व्हॅलोरंट या ऑनलाइन गेममध्ये पाच-पाच जणांचे दोन संघ बंदुकांनी लढतात: एक संघ साइटवर स्पाइक नावाचा बॉम्ब लावायला येतो, दुसरा साइट राखतो. २०२३ च्या ऑगस्टअखेरची गोष्ट. मामेभाऊ जेट ही एजंट (गेममधलं पात्र) घेऊन ॲसेंट या मॅपवर ए साइट धरून बसला होता. हातात ऑपरेटर ही स्नायपर बंदूक, नजर ए मेनवर, म्हणजे साइटकडे येणाऱ्या वाटेवर. त्याने सवयीप्रमाणे डॅश (क्षणात सटकायची जेटची ॲबिलिटी) आधीच चालू करून ठेवला, समोरच्यांची वाट पाहिली, झलक दिसल्यावर गोळी मारली. हुकली. मागे सटकायला बटण दाबलं आणि जागच्या जागी मेला.

"दादा, बटणच चाललं नाही!"

"बटण चाललं रे. तुझा डॅशच संपला होता."

त्या आठवड्यात ७.०४ क्रमांकाचा पॅच, म्हणजे गेममधले नियम आणि आकडे बदलणारा अपडेट, आला होता. डॅश चालू केल्यावर तो वापरायला आधी १२ सेकंद मिळायचे, आता ७.५ मिळत होते. त्याने पॅच नोट्स वाचल्या होत्या, हे मला पक्कं माहीत आहे, कारण त्यातलं वाक्य त्यानेच मला पाठवलं होतं. आकडा डोक्यात होता, पण बोटं १२ सेकंदांच्या हिशोबाने चालत होती.

पॅच वाचणं आणि पॅच खेळणं यात एवढं अंतर असतं. ते भरून काढायला आम्ही पाच जण गेली काही वर्षं जी पद्धत वापरतो, ती इथे लिहितो आहे. आमच्यात कुणी प्रो नाही. नोकरी आणि कॉलेज सांभाळून रात्री दोन-तीन मॅच होतात, त्यामुळे वेळ वाया घालवणं परवडत नाही.

आधी वेळापत्रक

व्हॅलोरंट २ जून २०२० ला सगळ्यांसाठी खुला झाला. तेव्हापासून २०२४ च्या अखेरपर्यंत एपिसोड होते आणि एका एपिसोडमध्ये तीन ॲक्ट, म्हणजे गेमच्या वेळापत्रकातले टप्पे. २०२५ पासून वर्षाचा एक सीझन आणि त्यात सहा ॲक्ट अशी मांडणी झाली. म्हणजे साधारण दर दोन महिन्यांनी नवा ॲक्ट लागतो आणि मधे मधे छोटे पॅच येत राहतात. मोठे धक्के बहुतेक वेळा ॲक्टच्या तोंडावर बसतात: नवा एजंट, नवी बंदूक, मॅप पूलमध्ये (त्या वेळी खेळल्या जाणाऱ्या मॅपांच्या यादीत) अदलाबदल. नव्या ॲक्टच्या पहिल्याच रात्री रँक खेळायला बसू नका. त्या रात्री लॉबीत निम्मे लोक नवा एजंट शिकत असतात, उरलेले त्यांना शिव्या घालत असतात.

पहिली पायरी: पॅच नोट्स तीन रकान्यांत वाचा

स्किन, बॅटल पास, गन बडी यांवरून सरळ पुढे जा. उरलेला मजकूर वाचताना वहीत तीन रकाने आखा: सेकंद, क्रेडिट (गेममधले पैसे), जागा. कुठला स्मोक (नजर अडवणारा धूर) किती वेळ टिकतो, कुठली ॲबिलिटी किती वेळाने परत येते, हे सेकंदांत. बंदूक, शिल्ड, ॲबिलिटीची किंमत आणि अल्टीचे (एजंटच्या सर्वांत मोठ्या ॲबिलिटीचे) पॉइंट क्रेडिटमध्ये. मॅपवर हललेली भिंत, बंद झालेली वाट किंवा एखाद्या सापळ्याचं अंतर जागेत. यांपैकी कशातच न बसणाऱ्या बदलाने तुमचा खेळ बहुधा बदलणार नाही.

मग प्रत्येक ओळीपुढे एकच प्रश्न लिहा: आधी फुकट मिळणारं काय आता विकत घ्यावं लागणार आहे, आणि आधी विकत घ्यावं लागणारं काय आता फुकट मिळतंय?

आमची सगळी पद्धत या प्रश्नावर उभी आहे. "नर्फ झाला, बफ झाला" (कमकुवत केला, बळकट केला) एवढं बोलून डावपेच सुचत नाहीत. काय फुकट गेलं ते कळलं, की समोरच्याला ते खर्च करायला कसं लावायचं हे आपोआप सुचतं.

जेटचंच घ्या. एप्रिल २०२२ पर्यंत डॅश खरोखरच फुकट होता. आधी बघा, गोळी मारा, मग वाटलं तर सटका. ४.०८ च्या पॅचने क्रम उलटवला. डॅश आधी चालू करायचा, मग १२ सेकंदांत वापरायचा, नाही वापरला तर गेला. परत हवा असेल तर दोन बळी घ्या. म्हणजे निर्णय धोका दिसण्यापूर्वीच घ्यावा लागू लागला. पुढे ७.०४ ने ही मुदत ७.५ वर आणली, आणि तिच्या छोट्या स्मोकचं आयुष्यही ४.५ वरून २.५ सेकंदांवर आलं.

बचाव करणाऱ्या जेटसमोर आक्रमण करताना याचा उपयोग असा: ए मेनमध्ये पोचल्यावर ऑपरेटरची चाहूल लागली, तर कोपऱ्याच्या बाहेर येऊ नका. एक फ्लॅश (डोळे दिपवणारा झोत) किंवा ड्रोन टाकून आपण येतोय असं भासवा. ती डॅश चालू करेल. मग शांतपणे आठपर्यंत मोजा. आमच्यात हे काम एकाकडेच असतं आणि तो मोठ्याने मोजतो: "एक... दोन... थांबा रे... सात, आठ, चला!" दर वेळी जमत नाही. पण जमतं तेव्हा तिच्या हातात ४७०० क्रेडिटची बंदूक असते आणि पळायला वाट नसते.

दुसरी पायरी: पैशाचा हिशोब कागदावर करा

बंदुकीच्या बदलाचा परिणाम रेंजमध्ये (गेममधल्या सरावाच्या जागेत) जाऊन कळत नाही. रेंजमध्ये बंदूक फुकट असते. खरा परिणाम दिसतो तिसऱ्या फेरीत.

उदाहरणासाठी जानेवारी २०२४ घेऊ. ८.० पॅचमध्ये आउटलॉ आली. दुनळी स्नायपर, किंमत २४००, अंगात गोळी लागली तर १४० नुकसान. आता शिल्ड बघा. ४०० चं हलकं शिल्ड घातलं की आयुष्याचे मूळ १०० धरून एकूण १२५ होतात, १००० च्या जड शिल्डने १५०. म्हणजे हलकं शिल्ड घातलेला माणूस आउटलॉच्या एकाच गोळीत आडवा. जड शिल्डवाला १० वर का होईना, जिवंत उरतो.

हे बोनस फेरीला, म्हणजे पहिल्या दोन फेऱ्या जिंकल्यावरच्या तिसऱ्या फेरीला, कसं लागू होतं ते आकड्यांत मांडतो. ॲबिलिटी आणि बळींचे पैसे बाजूला ठेवून ढोबळ हिशोब धरा. पिस्तूल फेरी, म्हणजे पहिली फेरी, तुम्ही जिंकलात, ३००० मिळाले. स्पेक्टर ही बंदूक १६०० आणि हलकं शिल्ड ४००, उरले १०००. दुसरीही जिंकलात, हातात ४०००. तिसऱ्या फेरीत बहुतेक जण तीच स्पेक्टर आणि तेच हलकं शिल्ड घेऊन उतरतात आणि पैसे साठवतात. ही जुनी सवय.

समोरच्यांकडे बघा. पिस्तूल हरून १९००, दुसरी फेरी न खर्चता हरून आणखी २४००, एकूण ४३००. व्हँडल रायफल २९०० आणि जड शिल्ड १००० घेतलं तर ॲबिलिटीला ४०० उरतात. आउटलॉ आणि जड शिल्ड घेतलं तर ९०० उरतात, शिवाय तुमच्या हलक्या शिल्डवाल्यांना एकेका गोळीत पाडायची सोय होते. आउटलॉ आल्यानंतर तिसऱ्या फेरीत ती आमच्यावर इतक्यांदा चालून आली, की आम्ही सवय बदलली.

बदल सोपा होता. समोर आउटलॉ आवडणारा एखादा असेल तर बोनस फेरीत जड शिल्ड घ्यायचं. ४००० मधले १००० गेले, ३००० राहिले. फेरी हरलात तरी १९०० मिळून ४९०० होतात, म्हणजे पुढच्या फेरीत व्हँडल आणि जड शिल्ड येतंच. "बोनसला पैसे वाचवायचे" हा आमचा नियम कुणी तपासलाच नव्हता. हिशोब मांडल्यावर कळलं की वाचवलेल्या पैशाने आम्हाला नवं काहीच मिळत नव्हतं.

त्याच वर्षी ६५० क्रेडिटचं रीजेन शिल्डही आलं. ते आपलं आपण भरून येतं, पण एका वेळी २५ च देतं, म्हणजे बेरीज पुन्हा १२५. आउटलॉसमोर त्याचा उपयोग नाही. लांबून चकमकी करत राहणाऱ्याला मात्र ते सोयीचं. नवीन वस्तू आली की ती समोरच्या प्रत्येक बंदुकीसमोर अशी मांडून बघायची, पाच मिनिटांचं काम आहे.

तिसरी पायरी: मॅपवर घड्याळ लावून चाला

रँकच्या पूलमध्ये सात मॅप असतात आणि त्यांतले काही बदलत राहतात. जानेवारी २०२३ मध्ये बाइंड आणि ब्रीझ बाहेर गेले, स्प्लिट परत आला आणि लोटस नवा आला. आमच्यातल्या एकाने बाइंडचे लाइनअप (कुठे उभं राहून, कुठे नेम धरून ॲबिलिटी टाकायची ते) चित्रं काढून वहीत उतरवले होते, पानंच्या पानं. दोन महिने तोंड पाडून बसला. (वही फेकली नाही हे बरं, बाइंड पुढे परत आला, थोडा बदलून का होईना.)

नव्या मॅपवर पहिल्या दिवशी लाइनअप शिकू नका. पहिल्यांदा वेळा मोजा. कस्टम गेम (आपली खासगी मॅच) उघडा, चीट्स (सरावासाठीच्या सवलती) चालू करा. एक जण आक्रमकांच्या बाजूने, एक बचावाच्या. फेरी सुरू होताना वाट अडवणारा अडथळा पडला की दोघांनी सुरी हातात घेऊन एकाच साइटकडे धावायचं. सुरी धरून माणूस सेकंदाला ६.७५ मीटर धावतो, व्हँडल किंवा फँटम धरून ५.४. दहा सेकंदांत हा फरक साडेतेरा मीटरचा होतो, त्यामुळे मोजताना दोघांच्या हातात एकच वस्तू हवी. जिथे गाठ पडेल ती जागा आणि वेळ लिहा. प्रत्येक वाटेसाठी हेच करा.

मग दुसरी मोजणी, साइटवरून साइटवर. स्पाइक लागल्यावर ४५ सेकंद असतात आणि ती डिफ्यूज (निकामी) करायला ७ लागतात, म्हणजे बचावणाऱ्याने ३८ व्या सेकंदाच्या आत स्पाइकला हात लावलाच पाहिजे. रोटेशनला १५ सेकंद लागत असतील तर साइट परत घ्यायला २३ उरतात. त्या २३ सेकंदांत किती कोपरे तपासायचे आहेत ते मोजा. काही मॅपवर हे गणितच जमत नाही, तिथे साइट सोडण्यापेक्षा शेवटपर्यंत लढणं बरं.

लोटसवर आम्ही इथेच आपटलो होतो. तीन साइट, बचावाला पाच माणसं. हेवनवर तीन साइटची सवय होती, म्हणून तीच मांडणी इथे लावली. पण लोटसची फिरती दारं फिरताना एवढा आवाज करतात की कोण कुठून कुठे चाललंय ते मॅपभर कळतं. दार आम्ही फक्त वाट म्हणून वापरत होतो. आठवडाभर मार खाल्ल्यावर कळलं की दार फिरवून आत न जाणं हाही एक डाव आहे. एक जण दार फिरवून तिथेच थांबतो, समोरचे तिकडे सरकतात, आणि बाकीचे चौघे शिफ्ट दाबून (पावलांचा आवाज न करता) दुसऱ्या साइटवर.

चौथी पायरी: नवा एजंट आधी शत्रू म्हणून शिका

सगळे उलटं करतात. नवा एजंट आला की तो निवडायला झुंबड उडते. तुम्ही तो नाही निवडलात तरी चालेल, पण समोर तो येणारच आहे. त्यामुळे पहिल्या आठवड्यात प्रश्न हा, की तो आल्याने माझी कुठली जुनी समजूत खोटी ठरते?

मार्च २०२४ मध्ये क्लोव्ह आला. तोपर्यंत समजूत अशी होती की स्मोकवाल्याला मारलं की त्या संघाचे स्मोक संपले, आता घुसा. क्लोव्ह मेल्यावरही स्मोक टाकतो, मात्र जिथे पडला तिथून ठरावीक अंतरातच. म्हणजे त्याला मारल्यावर "स्मोक संपले" म्हणून धावत सुटलात तर तोंडावर स्मोक येऊन बसतो. उलट तो साइटपासून लांब मेला असेल, तर त्याचे स्मोक साइटवर पोचतच नाहीत. तेव्हापासून आमच्या बोलण्यात एक शब्द वाढला. आधी नुसतं "क्लोव्ह पडला" म्हणायचो, आता "क्लोव्ह पडला, मेनमध्ये" म्हणतो.

आणि आपल्या बाजूला क्लोव्ह असेल तर स्मोकवाल्याने सगळ्यांच्या मागे राहायचं हा नियम सैल होतो. तो दुसऱ्या क्रमांकावर आत जाऊ शकतो. आमचा स्मोकवाला स्वभावाने भांडखोर, इतकी वर्षं मागे उभा राहून वैतागलेला. त्याला हा पॅच दिवाळीसारखा वाटला.

वर्षभर आधी, मार्च २०२३ मध्ये, गेको आला तेव्हाही असंच झालं. त्याचा विंगमन हा छोटा साथीदार प्राणी स्वतः स्पाइक लावतो आणि डिफ्यूजही करतो. "प्लांट करणाऱ्याचे हात अडकलेले असतात" ही समजूत मोडली, कारण विंगमन स्पाइक लावत असताना गेको बंदूक रोखून उभा. उत्तर साधं आहे: विंगमनला गोळी घाला. पण पहिल्या आठवड्यात हे कुणी करत नव्हतं. सगळे माणसं शोधत होते.

पाचवी पायरी: रिकामी झालेली खुर्ची बघा

मोठा नर्फ झाला की एक एजंट मागे पडतो आणि त्याची जागा कुणीतरी घेतो. तो कोण हे लवकर ओळखलं तर दोन-तीन आठवडे तुम्ही बाकीच्यांच्या पुढे असता.

चेंबर नोव्हेंबर २०२१ मध्ये आला आणि २०२२ भर जिकडे तिकडे तोच. पहिली गोळी घ्यायची आणि टेलिपोर्ट करून निघून जायचं. डिसेंबर २०२२ च्या ५.१२ पॅचने त्याच्या टेलिपोर्टच्या दोन खुणांची एक केली, आणि सापळाही तो जवळ असेल तेव्हाच चालू राहील असं केलं. चेंबर एकट्याने दोन कामं करत होता: साइट राखणं आणि आक्रमक पीक (पुढे डोकावून पहिली गोळी मारणं). पॅचनंतर ती दोन कामं दोघांत वाटावी लागली. साइट राखायला किलजॉय परतली, पीक पुन्हा जेटकडे गेला. आम्हाला हे कळायला महिना लागला, कारण आम्ही "चेंबरची जागा कोण घेणार" असं विचारत होतो. दोघांत वाटली जाईल हे डोक्यातच आलं नाही.

आठवड्याचा आराखडा

पहिला दिवस वहीचा. तीन रकाने, बोनस फेरीचा हिशोब, बस.

दुसरा आणि तिसरा दिवस कस्टम आणि स्विफ्टप्ले. स्विफ्टप्लेत पाच फेऱ्या जिंकल्या की मॅच संपते, त्यामुळे रात्रीत चार-पाच होतात आणि हरल्याचं दुःख नाही. इथे प्रत्येकाने एकच बदल तपासायचा. मामेभावाला मी तीन दिवस फक्त डॅशचे ७.५ सेकंद दिले होते. जिंकला-हरला विचारायचं नाही, फक्त "किती वेळा डॅश वाया गेला?" पहिल्या रात्री अकरा. तिसऱ्या रात्री दोन.

चौथ्या-पाचव्या दिवशी पाचही जणांनी मिळून अनरेटेड (रँकवर परिणाम न होणारी मॅच). इथे शब्द ठरवा. नव्या मॅपवरच्या जागांची नावं पाचही जणांची एकच हवीत. आमच्यात लोटसच्या एका कोपऱ्याला दोघे "झाड" म्हणायचे आणि तिसरा "मुळं". त्यावरून झालेलं भांडण व्हॉइस चॅटवर ऐकायला मजेशीर असेल, फेरीत नव्हतं.

सहाव्या दिवसापासून रँक. मुंबई सर्व्हरवर पॅच आल्याच्या पहिल्या रात्री पिंग (सर्व्हरकडून उत्तर यायला लागणारा वेळ) नेहमीसारखा आहे ना, हे आधी एका डेथमॅचमध्ये बघून घ्या. एका कॅफेत बसून आम्ही दोन मॅच हरलो आणि जेटच्या नव्या वेळेला दोष देत राहिलो, मग कळलं की मागच्या खोलीत कुणीतरी आख्खा गेम डाउनलोड करत होतं.

रोज शेवटी दहा मिनिटं रिप्ले. २०२५ मध्ये ही सोय गेममध्येच आली. आख्खी मॅच बघू नका, फक्त तुम्ही मेलात त्या फेऱ्या आणि मरण्याआधीचे १५ सेकंद. प्रत्येक मरणापुढे एक खूण: जुनी सवय, नवी माहिती नव्हती, की समोरचा चांगला होता. "जुनी सवय" अर्ध्याहून जास्त असतील तर नवं काही शिकू नका, तीच सवय मोडा.

कशाच्या मागे लागू नये

टियर लिस्ट, म्हणजे एजंटांची ताकदीनुसार क्रमवारी. पॅच आल्यावर काही तासांत ज्या याद्या फिरतात, त्या लिहिणाऱ्याने त्या वेळेपर्यंत दहा मॅचही खेळलेल्या नसतात.

प्रो सामन्यांची नक्कलही जपून. मुंबईचा ग्लोबल ईस्पोर्ट्स २०२३ पासून पॅसिफिक लीगमध्ये खेळतोय, आम्ही त्यांचे सामने आवर्जून बघतो. पण स्पर्धा बऱ्याचदा आधीच्या पॅचवर चालते, म्हणजे तुम्ही बघताय तो खेळ तुमच्या गेममध्ये आता नसेलही. शिवाय त्यांचे पाच जण रोज तासन्‌तास एकत्र सराव करतात. त्यांच्याकडून संघाची मांडणी उचलण्याऐवजी एखादी जागा उचला: ऑपरेटरवाला कुठे उभा राहतो, स्मोक कुठल्या सेकंदाला पडतो. तेवढंच पेलतं.

आणि एखादी गोष्ट अतोनात ताकदवान निघाली तर तिच्यावर घर बांधू नका. जून २०२४ मध्ये ८.११ पॅचने निऑन या एजंटला दोन स्लाइड (घसरत पुढे जाण्याच्या संधी) दिल्या आणि घसरतानाही नेम नीट लागू लागला. काही महिने ती अंगावर धावून यायची आणि आपण बघत राहायचो. पुढे ती धार काढून घेतली. त्या काळात फक्त निऑन खेळून वर गेलेले दोघे आमच्या ओळखीचे आहेत. धार गेल्यावर दुसऱ्या एजंटवर एक साधा कोपराही त्यांना धड धरता येईना, आणि रँक घसरत घसरत पुन्हा आमच्या लॉबीत आली.

वहीत प्रत्येक ॲक्टच्या हिशोबासमोरचं पान कोरं सोडायची आमची पद्धत आहे. दोनेक आठवड्यांनी दुरुस्तीचा पॅच येतो, आणि त्यातले आकडे जुन्या आकड्यांच्या अगदी शेजारी लिहायचे असतात. मामेभावाच्या वहीत त्या पानावर १२ खोडून ७.५ लिहिलंय, आणि खाली पेन दाबून: "दादाला विचारू नकोस, मोज."